तत्त्वज्ञानात पीएच.डी. : नोंदणीच्या आधी आणि नंतर

तत्त्वज्ञानात एम.ए. झालेले विद्यार्थी पीएच.डी.बद्दल विचारायला येतात तेव्हा त्यांच्याकडे बहुतेक वेळा एक नाव असतं. कुणाला कांट करायचा असतो, कुणाला शंकराचार्य, कुणाला जे. कृष्णमूर्ती. 'यांच्या तत्त्वज्ञानाचा चिकित्सक अभ्यास' असं शीर्षकही तयार असतं. मी आधी एवढंच विचारतो : कांटचं कुठलं म्हणणं तुम्हाला पटत नाही? किंवा तुम्हाला पटतं, पण त्यावर घेतलेल्या कुठल्या आक्षेपाला उत्तर द्यावंसं वाटतं? याचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं तर पुढचं बोलणं सोपं होतं. नाही आलं तर नोंदणीची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा महिने थांबून प्रश्न शोधलेला बरा. प्रश्नाशिवाय नोंदणी केली की पुढची पाच-सहा वर्षं माहिती गोळा करण्यात जातात.

याचं कारण या विषयाच्या स्वभावात आहे. इतिहासाच्या संशोधकाला दप्तरखान्यात कुणी न वाचलेलं पत्र सापडू शकतं. समाजशास्त्राचा संशोधक गावात जाऊन मुलाखती घेऊ शकतो. आपल्यापुढची पुस्तकं मात्र सगळ्यांपुढे आहेत आणि त्यांतली बरीचशी शेकडो वर्षं वाचली गेली आहेत. आपण भर घालतो ती युक्तिवादाची : एखाद्या मताच्या बाजूने आजवर न दिलेलं कारण, एखाद्या प्रसिद्ध आक्षेपातली फट, दोन मतांमधला कुणाच्या लक्षात न आलेला विरोध. पहिला अध्याय चरित्राचा, दुसरा ग्रंथपरिचयाचा, तिसरा मुख्य कल्पनांचा आणि शेवटचा मूल्यमापनाचा, अशी मांडणी केली की तीनशे पानांच्या प्रबंधात संशोधकाचं स्वतःचं म्हणणं दहा पानांत आटोपतं. परीक्षकाला वाचायची असतात ती नेमकी तेवढीच पानं.

प्रश्न कसा घडतो हे एका उदाहरणावरून जवळून बघू. शब्दप्रमाण एम.ए.ला सगळ्यांनी केलेलं असतं. आप्ताचं, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं, वचन हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन आहे असं नैयायिक म्हणतात. वैशेषिक आणि बौद्ध त्याला वेगळं स्थान देत नाहीत, ते अनुमानातच बसवतात. आता 'न्यायदर्शनातील शब्दप्रमाणाचा चिकित्सक अभ्यास' असा विषय घेतला तर काय लिहिणार? गौतमाच्या सूत्रांपासून सुरुवात, मग वात्स्यायन, उद्द्योतकर, वाचस्पती, उदयन, गंगेश. प्रत्येकावर वीस-पंचवीस पानं. हे काम पाठ्यपुस्तकांनी आधीच केलेलं आहे.

एक पाऊल पुढे जा. शब्द अनुमानाहून वेगळा का मानायचा? विरोधकाचं म्हणणं सरळ आहे : हा माणूस भरवशाचा आहे, भरवशाची माणसं खरं बोलतात, म्हणून हे वाक्य खरं, मग हे अनुमान नाही तर काय? नैयायिकाला असं दाखवावं लागतं की वाक्य ऐकून अर्थ कळतो तेव्हा मनात ही मधली पायरी नसते. वाक्यार्थाचा बोध व्हायला तो आकांक्षा, योग्यता, सन्निधी अशी कारणं सांगतो. वक्त्याच्या भरवशाचं आधी झालेलं ज्ञान या यादीत बसवायचं की नाही, इथे खरी अडचण सुरू होते. बसवलं तर अनुमान मागच्या दाराने आत येतं. नाही बसवलं तर भोळा श्रोता आणि जाणता श्रोता यांच्यात फरक कसा करायचा? म्हणजे प्रश्न असा झाला : वक्ता खरोखर आप्त असणं पुरेसं आहे, की तो आप्त आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊकही असावं लागतं?

इथवर आलात की पलीकडची चर्चाही कामाची होते. इतरांच्या साक्षीवरचा आपला विश्वास शेवटी अनुभवावरच उभा असतो, असं ह्यूमने म्हटलं. सी. ए. जे. कोडी यांनी 'टेस्टिमनी' या १९९२ सालच्या पुस्तकात या भूमिकेला आव्हान दिलं. १९९४ मध्ये बिमल कृष्ण मतिलाल आणि अरिंदम चक्रवर्ती यांनी संपादित केलेल्या 'नोइंग फ्रॉम वर्ड्स'मध्ये भारतीय आणि पाश्चात्य अभ्यासक या एकाच प्रश्नावर लिहिताना दिसतात. आता तिसरं पाऊल तुमचं स्वतःचं. मोबाइलवर पुढे पुढे ढकलत आलेल्या संदेशाचा मूळ वक्ता कोण हेच माहीत नसतं. पाठवणारी मावशी भरवशाची आहे, लिहिणारा कोण याचा पत्ता नाही. अशा वेळी आप्तत्व नेमकं कुणाचं तपासायचं? न्यायाच्या चौकटीत याला उत्तर आहे का, की चौकटच वाढवावी लागेल? हा प्रबंधाचा प्रश्न झाला. त्याला दोन-तीन मूळ ग्रंथ पुरतात, दोन तगडे विरोधक पुरतात, आणि उत्तर 'हो'ही असू शकतं, 'नाही'ही. ज्या प्रश्नाचं उत्तर चुकू शकतं, त्याच प्रश्नावर संशोधन होतं.

दोन परंपरा समोरासमोर आणल्यावर प्रश्न कसे जन्मतात, याचा एक मोठा दाखला पुण्यातला आहे. १९८३ मध्ये मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांच्या पुढाकाराने इथे शास्त्री-पंडितांना आणि पाश्चात्य तत्त्वज्ञान शिकलेल्या प्राध्यापकांना एकत्र बसवलं गेलं. चर्चेचा विषय होता बर्ट्रंड रसेलची विधानांबद्दलची मीमांसा. नव्यन्यायात मुरलेल्या पंडितांपुढे ती संस्कृतातून मांडायची आणि त्यांचे आक्षेप ऐकायचे, असा तो प्रयोग होता. त्याचा वृत्तांत भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेने १९९१ मध्ये 'संवाद' या पुस्तकातून प्रसिद्ध केला. तुलनात्मक अभ्यास करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. तिथे कुणी साम्य आणि भेद यांचे तक्ते केलेले नाहीत. एका परंपरेची भूमिका दुसऱ्या परंपरेच्या कसोटीवर घासून पाहिली आहे. आपल्याकडच्या 'तौलनिक अभ्यासां'ना हवी असते ती नेमकी ही हिंमत.

प्रश्न शोधायचा मी सुचवतो तो मार्ग कष्टाचा आहे, पण हमखास आहे. आठवड्याला एक निबंध घ्या, वीस पानांच्या आसपासचा. वाचून झाल्यावर तो मिटून एका पानावर लिहा : लेखकाचा निष्कर्ष काय, तो कुठल्या आधारांवर उभा आहे, त्यातला सगळ्यांत कच्चा आधार कुठला. गोषवारा लिहू नका, युक्तिवाद लिहा. तीन-चार महिन्यांत वही भरत आली की ती उलटून पाहा. तुम्ही पुन्हापुन्हा एकाच प्रकारच्या जागी अडलेले दिसाल. प्रश्न तिथेच असतो.

निबंध कुठून आणायचे, ही अडचण आता बरीच कमी झाली आहे. 'स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी' १९९५ पासून इंटरनेटवर विनामूल्य आहे. कुठल्याही विषयाची आजची स्थिती समजून घ्यायला तिथून सुरुवात करावी. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना तीस मोठ्या प्रकाशकांची तेरा हजारांवर नियतकालिकं खुली झाली आहेत. तुमची संस्था त्यात असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. अनेक विद्यार्थ्यांना ही सोय आहे हेच ठाऊक नसतं. 'शोधगंगा'वर देशभरातले प्रबंध आहेत. तुमच्या विषयावरचे पाच-सहा काढून त्यांचे शेवटचे अध्याय वाचा. कुठे काम संपलं आहे आणि कुठे ते सुरूच झालेलं नाही, हे दोन्ही कळेल.

प्रश्न हाती असला की मार्गदर्शक निवडणं सोपं होतं. नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे विद्यापीठाच्या यादीत नाव दिसलं म्हणजे जागा आहे असं नाही. जागा आहे का, हे भेटून विचारा. पण त्याआधी त्या व्यक्तीचे दोन निबंध वाचून जा. 'सर, तुमच्याकडे जागा आहे का' असं विचारणारे पुष्कळ येतात. 'तुमच्या निबंधातला तिसरा मुद्दा मला पटला नाही, त्यावर काम करू का' असं म्हणणारा क्वचित येतो, आणि चांगला मार्गदर्शक त्याला सहसा सोडत नाही.

मार्गदर्शक पारखायची आणखी एक रीत आहे. तुमच्या प्रश्नावर दीड-दोन पानं लिहून द्या आणि काय परत येतं ते पाहा. समासात खुणा, 'हे कशावरून?', 'इथे उदयन काय म्हणतो ते पाहा' अशा टिपा आल्या तर त्या व्यक्तीकडे जा, मग ती कितीही कडक म्हणून प्रसिद्ध असो. 'छान आहे, चालू द्या' एवढंच आलं तर विचार करा. त्यांच्याकडे आधी काम केलेल्यांना गाठून विचारा : मसुदा दिल्यावर किती दिवसांनी परत मिळतो? मतभेद झाला तर चालतो का? तत्त्वज्ञानात गुरूशी मतभेद हा कामाचाच भाग आहे. जिथे तो चालत नाही, तिथे कितीही मान मिळाला तरी प्रबंध दुबळा होतो.

कुठे जायचं, हेही प्रश्नावरच ठरतं. बौद्ध प्रमाणशास्त्रावर काम करायचं तर पुण्यासारखी जागा नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या जोडीला पाली आणि संस्कृतचे विभाग आहेत, शहरात १९१७ पासूनची भांडारकर संस्था आहे, डेक्कन कॉलेज आहे आणि शास्त्र शिकवणारी माणसं अजून आहेत. तिथल्या तत्त्वज्ञान विभागाने 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' आणि मराठी 'परामर्श' ही नियतकालिकं चालवली. विज्ञानाचं तत्त्वज्ञान, मनाचं तत्त्वज्ञान, तंत्रज्ञानाशी जोडलेलं नीतिशास्त्र यांत रस असेल तर मुंबई, कानपूर, दिल्ली, मद्रास इथल्या आयआयटींचे मानव्य विभाग पाहा. तिथे गणिताचे आणि संगणकाचे लोक शेजारीच बसतात. राजकीय आणि सामाजिक तत्त्वज्ञानासाठी जेएनयू किंवा हैदराबाद विद्यापीठ, विश्लेषक परंपरेसाठी जादवपूर. विद्यापीठाच्या क्रमवारीचा आकडा इथे फारसा उपयोगी नाही. तुमच्या प्रश्नावर तुमच्याशी वाद घालू शकतील अशी निदान तीन माणसं त्या आवारात आहेत का, एवढं पाहा.

मोठ्या शहराबाहेरच्या विद्यार्थ्यांना मी अमळनेरची आठवण करून देतो. १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांच्या देणगीतून तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे होते, टी. आर. व्ही. मूर्ती होते, जी. आर. मलकानी यांनी तिथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' चालवलं, साने गुरुजी तिथे अभ्यासाला आले. खानदेशातल्या तालुक्याच्या गावी देशातलं उत्तम तत्त्वज्ञान घडलं, कारण वाचणारी आणि वाद घालणारी माणसं एका छपराखाली आली होती. तुमच्या जिल्ह्यात अशी दोन-तीन माणसं असतील तर महिन्यातून एकदा एकत्र वाचन सुरू करा. संशोधन केंद्राची पाटी त्याला लागत नाही.

आता नियमांकडे. सध्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ चे नियम लागू आहेत. दोन वर्षांच्या एम.ए.ला ५५ टक्के किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सूट आहे. एम.फिल. बंद झालं आहे. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात : कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती म्हणजे जेआरएफ मिळालेले, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. या दोन्हींसाठी पात्र झालेले, आणि फक्त पीएच.डी.साठी पात्र झालेले. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर होते. उरलेल्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठी ते गुण वर्षभरच चालतात. काही विद्यापीठं अजून स्वतःची 'पेट' परीक्षा घेतात, म्हणून जिथे जायचं तिथली त्या वर्षीची सूचना वाचल्याशिवाय काही गृहीत धरू नका. आयआयटीसाठी २०२१ पासून गेट परीक्षेत मानव्यशास्त्रांची प्रश्नपत्रिका आहे आणि तिच्यात तत्त्वज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे.

नेट वर्षातून दोनदा होते, जूनच्या आणि डिसेंबरच्या सत्रात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या पेपरचा अभ्यासक्रम फार पसरलेला आहे, वेदांपासून देरिदापर्यंत. त्याची तयारी आणि संशोधनाची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मनाशी पक्कं ठेवा. नेटला कुणी काय म्हटलं हे लागतं. संशोधनाला ते का म्हटलं आणि ते बरोबर आहे का, हे लागतं. सकाळचा वेळ एकीला आणि संध्याकाळचा दुसरीला, अशी विभागणी करून पाहा. नाहीतर वर्षभर गाईडबुकं पाठ करून मुलाखतीला गेल्यावर 'तुमचा प्रश्न काय' या पहिल्याच वाक्यापाशी बोलणं खुंटतं.

पैशांबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे. घरभाडं आणि आकस्मिक खर्च वेगळा. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षांची आहे, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. केंद्रीय विद्यापीठांत नेटशिवाय प्रवेश मिळालेल्यांना दरमहा ८,००० रुपये मिळतात. त्यात शहरात राहणं अवघड आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेली भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषद खास आपल्या विषयासाठी काम करते आणि तिच्या स्वतंत्र छात्रवृत्त्या आहेत. कितीतरी विद्यार्थी तिच्याकडे अर्जच करत नाहीत. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. या सगळ्यांच्या जाहिराती वर्षातून ठरावीक काळातच येतात, आणि नोंदणीची तारीख त्यांच्या अटीत बसते की नाही यावर पुष्कळांचे अर्ज अडतात. म्हणून नोंदणीचं पत्र, आराखडा मंजुरीचं पत्र, हजेरी आणि सहामाही अहवाल यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत जा. छात्रवृत्ती मंजूर झाली तरी हप्ते अनियमित येतात. चार-सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून सुरुवात करता आली तर बरं. घरी त्या पैशांवर कुणी अवलंबून असेल तर हे आधीच घरच्यांशी बोलून घ्या.

नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी अर्धवेळ पीएच.डी.ची वाट खुली आहे. संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. तत्त्वज्ञानाला प्रयोगशाळा लागत नाही, त्यामुळे ही वाट आपल्या विषयाला मानवते. पण रोज दोन तास, कुणीही न मोडणारे, मिळणार असतील तरच. सुट्टीत एकदम लिहीन, हा बेत पार पडलेला मी क्वचित पाहिला आहे.

प्रवेशानंतर किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना व दिव्यांगांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. महिलांना या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. हा हक्क आहे. तो मागताना संकोच करू नका. सुरुवातीला कोर्सवर्क असतं, किमान १२ श्रेयांकांचं, आणि त्यात संशोधन व प्रकाशनाच्या नीतीचा पेपर सक्तीचा असतो. बहुतेक जण ते उरकून टाकतात. माझा आग्रह आहे की कोर्सवर्कचा प्रत्येक टर्मपेपर आपल्या प्रश्नाभोवती लिहा. संशोधनपद्धतीच्या तासाला प्रश्नावली आणि नमुनानिवड शिकवली जाते. आपल्याला ती लागत नाही, पण हरकत नाही, पेपर 'युक्तिवादाची पुनर्रचना' यावर लिहू द्याल का असं विचारा. बरेच शिक्षक आनंदाने हो म्हणतात.

दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिथे 'वाचन सुरू आहे' असं सांगून वेळ निभावता येते, आणि तिथूनच प्रबंध रेंगाळायला लागतो. प्रत्येक बैठकीला एक पूर्ण लिहिलेला युक्तिवाद घेऊन जा, मग तो आठ पानांचा का असेना.

मूळ भाषेचा प्रश्न टाळू नका. कांटवर लिहिणाऱ्याने जर्मन वाचायला शिकावं, शंकराचार्यांवर लिहिणाऱ्याने संस्कृत. बोलता आलं नाही तरी चालेल. भाषांतरात जिथे दोन अनुवादक वेगळं सांगतात तिथे मूळ वाक्य उघडून बघता आलं पाहिजे. पहिली दोन वर्षं रोज तासभर दिला तर एवढं साध्य होतं. पुण्यात संस्कृत आणि जर्मन दोन्हींचे चांगले वर्ग आहेत.

आणि मराठीचं काय? मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी इंग्रजीच्या धास्तीने मागे राहतात, हे मला फार लागतं. इंग्रजी वाचता आलंच पाहिजे, त्याला पर्याय नाही. पण विचार करायला मराठी पुरेशी आहे. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ पासून आपल्या हाती आहे. रेगे, दि. य. देशपांडे, सुरेंद्र बारलिंगे यांनी अत्यंत काटेकोर तत्त्वज्ञान मराठीत लिहून दाखवलं. प्रबंध इंग्रजीत लिहायचा असला तरी प्रत्येक अध्यायाचा मुख्य युक्तिवाद आधी मराठीत, आपल्या भावाला किंवा मैत्रिणीला सांगावा तसा लिहा. मराठीत जो युक्तिवाद उभा राहत नाही तो इंग्रजीत उभा राहिल्यासारखा फक्त दिसतो. जड शब्दांच्या आड तो लपतो. अनेक विद्यापीठांत प्रबंधच मराठीत देता येतो. नियम आधी विचारा, आणि त्या भाषेत वाचू शकणारे परीक्षक मिळतील ना, हेही मार्गदर्शकांशी बोलून ठेवा.

प्रकाशनाबद्दल एक सावधगिरी. २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची देशव्यापी सक्ती उरलेली नाही, पण काही विद्यापीठं ती स्वतःच्या नियमांत ठेवतात. यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे कुठलं नियतकालिक चांगलं हे आता आपल्यालाच पारखायचं आहे. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांपासून लांब राहा. त्यातला निबंध पुढे मुलाखतीत तुमच्याच विरुद्ध जातो. समीक्षकाचे दोन पानी आक्षेप येऊन परत आलेला निबंध पुष्कळ अधिक मोलाचा असतो. 'जर्नल ऑफ इंडियन कौन्सिल ऑफ फिलॉसॉफिकल रिसर्च'सारख्या ठिकाणी पाठवून नकार मिळाला तरी काही शिकायला मिळतं. महाराष्ट्र तत्त्वज्ञान परिषदेच्या अधिवेशनात निबंध वाचा आणि चहाच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्यांचे पत्ते लिहून घ्या.

परदेशी जायचं असेल तर हिशेब वेगळा. अमेरिकेत पाच-सहा वर्षांचा कार्यक्रम असतो, पहिली दोन वर्षं शिकण्यात जातात आणि चांगले विभाग फी माफ करून शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात निर्वाहवेतन देतात. अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं. तिथे सगळ्यांत जास्त वजन पंधरा-वीस पानांच्या लेखननमुन्याला असतं, आणि म्हणून वर सांगितलेली वही इथेही कामाला येते. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांचा काळ, ठरलेला आराखडा आणि ठरलेला मार्गदर्शक लागतो. जागा मिळणं एक, पैसे मिळणं दुसरं, दोन्ही पक्के झाल्याशिवाय कर्ज काढून जाऊ नये. इथलं काय घेऊन जाता, हे फार महत्त्वाचं. मतिलाल कलकत्त्यात नव्यन्याय शिकून, १९६२ मध्ये तर्कतीर्थ होऊन हार्वर्डला गेले आणि अभावाच्या न्यायमतावर १९६५ मध्ये पीएच.डी. झाले. पुढे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. पंडितांकडे बसून शिकलेलं ज्ञान त्यांच्याजवळ होतं, आणि ते तिथे दुसऱ्या कुणाकडे सहज मिळणारं नव्हतं.

नोकरीविषयी खोटा दिलासा देणार नाही. महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या तत्त्वज्ञानाच्या जागा कमी होत गेल्या आहेत, आणि पीएच.डी. झालेले अनेक जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतात. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाला नेट किंवा सेट पुरते, पीएच.डी.ची अट नाही. त्यामुळे केवळ नोकरीसाठी म्हणून ही पदवी घेऊ नका. आधी नेट-सेट करा. विधी महाविद्यालयं, वैद्यकीय नीती, प्रकाशन, अनुवाद, कोशकार्य, धोरणसंस्था इथे तर्कशुद्ध लिहिणाऱ्या माणसाला काम मिळतं, पण ते शोधावं लागतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच शोधावं लागतं.

लिहिताना शेवटचा अध्याय आधी लिहा. त्यात तुमचं उत्तर असतं. बाकीचे अध्याय त्या उत्तराला काय लागेल यावरून ठरतील आणि निम्मी जमवलेली सामग्री बाजूला ठेवता येईल. उचलेगिरीविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ असतं, चाळीस टक्क्यांपुढे प्रकरण गंभीर होतं आणि साठ टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. पण यंत्र पकडत नाही अशीही उचल असते : दुसऱ्याचा युक्तिवाद आपल्या शब्दांत, त्याचं नाव न घेता. आपल्या विषयात तीच मोठी चोरी आहे. वाचतानाच टिपणात पान क्रमांक आणि लेखकाचं नाव लिहायची सवय ठेवली तर ती नकळतही होत नाही.

मौखिकीला निदान एक बाहेरचा परीक्षक असतो. तो बहुधा विचारतो, 'तुमच्या विरोधकाचं सगळ्यांत बळकट म्हणणं सांगा.' याची तयारी मित्राला विरोधक बनवून करा. त्याला तुमचा शेवटचा अध्याय द्या, आठवडाभराने तासभर बसा, आणि त्याच्या ज्या आक्षेपावर तुम्ही गप्प झालात तो प्रबंधात घाला, उत्तर पुरेसं नसलं तरी. 'इथे माझं उत्तर अपुरं आहे, पुढे असं काम करता येईल' असं स्वच्छ लिहिलेलं वाक्य चांगला परीक्षक तुमच्या बाजूने मोजतो, आणि तेच वाक्य पुढे कुणातरी विद्यार्थ्याला त्याचा प्रश्न देऊन जातं.